जुन्या उपचाराला निवृत्त करण्याची घाई

एप्रिल २०२४ मध्ये पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या उपचाराचे लोकार्पण झाले आणि कार-टी हे नाव मराठी घरांत पोहोचले. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढायच्या, त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवायचे आणि पुन्हा शरीरात सोडायच्या, असे हे तंत्र. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी ते इथे उभे केले. अमेरिकेत अशा उपचाराच्या नुसत्या औषधाची किंमत पावणेचार लाख डॉलरच्या घरात होती. इथे ती तीस-चाळीस लाख रुपयांच्या आसपास आली. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण तेव्हापासून लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, उपचारांवर जी चर्चा चालू आहे, तिची दिशा मला धोकादायक वाटते. एक बाजू म्हणते, आता हाय-डोस केमोथेरपी आणि ऑटोलोगस बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे मोठ्या डोसनंतर रुग्णाच्याच मूळपेशी परत देणे, हा रानटी, कालबाह्य उपचार झाला. सरकारी योजनांनी आणि धर्मादाय निधीने त्यावर पैसा घालणे थांबवावे. दुसरी बाजू म्हणते, कार-टी ही मूठभर श्रीमंतांची सोय आहे, आपल्याला जुने तेच बरे. दोन्ही बाजू उपचाराला चांगला किंवा वाईट ठरवून मोकळ्या होतात. कोणत्या रुग्णासाठी, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, हे विचारायला कोणी थांबत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. लिम्फोमा एकदा बरा होऊन वर्षभरानंतर उलटला, आणि तरीही तो केमोला दाद देत असेल, तर हाय-डोस केमो आणि स्वतःच्याच मूळपेशी परत देणे हा आजही रुग्णाला पूर्ण बरे करू शकणारा, पुराव्याने तपासलेला उपचार आहे. त्याला निवृत्त करण्याची वेळ आलेली नाही. काही रुग्णांच्या बाबतीत ती आली आहे, आणि तिथे ती स्पष्टपणे मान्य करायला हवी. महाराष्ट्राने आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत या उपचाराची सोय कमी करण्याऐवजी वाढवायला हवी, कारण कार-टी गावोगावच्या रुग्णांपर्यंत न्यायची असेल तर तिचा रस्ताही याच वॉर्डातून जातो.

उपचार नेमका काय आहे, हे आधी समजून घेऊ. केमोची बरीच औषधे अशी आहेत की डोस वाढवला तर जास्त कर्कपेशी मरतात. पण एका मर्यादेनंतर हाडातली मज्जा कोलमडते. रक्ताच्या पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, प्लेटलेट यांचा कारखानाच बंद पडतो आणि रुग्ण कर्करोगाआधी जंतुसंसर्गाने जातो. यावर तोड अशी निघाली की मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी (स्टेम सेल) आधीच काढून, गोठवून ठेवायच्या. मग मज्जेला न झेपणारा डोस द्यायचा आणि औषध शरीरातून निघून गेल्यावर त्या मूळपेशी शिरेतून परत सोडायच्या. कोकणात राब भाजण्याआधी बियाणे कणगीत सुरक्षित ठेवतात, तसेच हे. यात दुसरा दाता नसतो, म्हणून परक्या पेशींनी शरीरावर हल्ला करण्याची भीती नसते. पूर्वी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा खेचून काढत. १९९० च्या दशकात जी-सीएसएफ या मज्जेला चालना देणाऱ्या औषधाची इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात उतरवायच्या आणि मशीनने गोळा करायच्या, ही पद्धत आली. १९९६ मध्ये लिम्फोमाच्याच रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा रक्तातून घेतलेल्या पेशींनी प्लेटलेट २३ ऐवजी १६ दिवसांत वर आल्या. रुग्णालयातला जीवघेणा काळ आठवड्याने घटला. आजही आपण सवयीने बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, पण लिम्फोमासाठी बहुतेक ठिकाणी पेशी रक्तातूनच घेतात.

हा उपचार कुणाच्या उत्साहावर रुजला नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये १९७८ मध्ये लिम्फोमाच्या रुग्णांना गोठवलेली स्वतःची मज्जा परत देऊन ती रुजते, हे दाखवले गेले. त्यानंतरचा सगळ्यात मोलाचा धडा १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या थिएरी फिलिप आणि सहकाऱ्यांनी दिला. १०० रुग्णांचा हिशेब त्यांनी तीन गटांत मांडला. आजार उलटला पण साध्या डोसच्या केमोला अजून दाद देतो आहे, अशा रुग्णांपैकी तीन वर्षांनी ३६ टक्के आजारमुक्त होते. उलटला आणि दाद देत नाही, अशांत १४ टक्के. पहिल्या उपचाराला ज्यांच्या आजाराने कधीच पूर्ण दाद दिली नाही, त्यांच्यात एकही नाही. उपचार तोच. फरक आजाराच्या स्वभावाचा. आजच्या वादातल्या अर्ध्या चुका या एका निष्कर्षाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

मग आली पार्मा चाचणी. तिचा निकाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. लिम्फोमाचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन मोठे प्रकार; त्यातल्या उलटलेल्या आक्रमक नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या २१५ रुग्णांना आधी नेहमीच्या केमोच्या दोन सायकली, म्हणजे फेऱ्या, दिल्या. ज्यांनी दाद दिली त्यांच्यातल्या १०९ जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली: ५५ जणांना ट्रान्सप्लांट, ५४ जणांना तीच केमो पुढे. पाच वर्षांनी ट्रान्सप्लांट गटातले ४६ टक्के रुग्ण आजार न उलटता होते, दुसऱ्या गटातले १२ टक्के. जिवंत होते अनुक्रमे ५३ आणि ३२ टक्के. हॉजकिन लिम्फोमात ब्रिटिश गटाने १९९३ मध्ये केवळ ४० रुग्णांवर केलेल्या तुलनेत तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण ५३ विरुद्ध १० टक्के निघाले. २००२ मध्ये जर्मन आणि युरोपीय गटांच्या १६१ रुग्णांच्या चाचणीतही दाद देणाऱ्या रुग्णांत ५५ विरुद्ध ३४ टक्के असा फायदा दिसला. मात्र एकूण जगण्यात फरक दिसला नाही; हेही नमूद केले पाहिजे.

‘हे सगळे तीस वर्षांपूर्वीचे. विज्ञान पुढे गेले.’ हा युक्तिवाद ऐकला की मला लिम्फोमाच्याच इतिहासातला एक प्रसंग आठवतो. १९७० च्या दशकात ‘चॉप’ नावाची चार औषधांची केमो रुळली. १९८० च्या दशकात तिच्यापेक्षा गुंतागुंतीच्या, सहा-आठ औषधांच्या ‘तिसऱ्या पिढीच्या’ केमो आल्या. एकेका रुग्णालयाचे निकाल डोळे दिपवणारे होते. चॉप देणारा डॉक्टर मागासलेला, असे वातावरण तयार झाले. शेवटी अमेरिकेत चॉप आणि तीन नव्या अशा चार पद्धती समोरासमोर ठेवल्या गेल्या, ८९९ रुग्णांवर, आणि १९९३ मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी जगण्याचे प्रमाण चारही गटांत सारखेच, सुमारे ५२ टक्के. नव्या पद्धतींनी विषारीपणा तेवढा वाढवला होता. चॉप परत आली, आणि तिच्यात रितुक्सिमॅब हे बी-पेशींवर नेम धरणारे औषध मिसळून झालेली आर-चॉप आजही जगातल्या बहुसंख्य रुग्णांची पहिली केमो आहे. नवे ते श्रेष्ठ हे त्या वेळीही सगळ्यांना स्वयंसिद्ध वाटत होते. समोरासमोर तुलना झाली नसती तर किती रुग्णांना उगाचच जास्त विष पचवावे लागले असते?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, आणि तो कमी लेखत नाही. पार्माच्या काळात रितुक्सिमॅब नव्हते. आज ज्यांचा आजार रितुक्सिमॅब घेऊनही उलटतो, तो मुळातच जास्त चिवट असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरल चाचणीत ३९६ रुग्णांपैकी जवळपास निम्मेच ट्रान्सप्लांटपर्यंत पोहोचले, आणि आधी रितुक्सिमॅब घेतलेल्यांत तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेले होते अवघे २१ टक्के. वर्षाच्या आत उलटलेल्यांची अवस्था आणखी वाईट. या गटासाठी झुमा-७ ही चाचणी झाली: ३५९ रुग्ण, सगळे पहिल्या उपचाराला दाद न दिलेले किंवा वर्षाच्या आत उलटलेले. एका गटाला थेट कार-टी, दुसऱ्याला नेहमीचा मार्ग, म्हणजे पुन्हा केमो आणि दाद दिली तर ट्रान्सप्लांट. नेहमीच्या मार्गावरचे केवळ ३६ टक्के ट्रान्सप्लांटपर्यंत गेले. चार वर्षांनी जिवंत होते कार-टी गटात ५४.६ टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के. शिवाय दुसऱ्या गटातल्या अनेकांना पुढे कार-टी मिळाली होती, तरीही हा फरक राहिला. यावर वाद घालण्यासारखे काही नाही. वर्षाच्या आत उलटलेल्या बी-सेल लिम्फोमाच्या (बी-पेशींपासून होणाऱ्या लिम्फोमाच्या) रुग्णाला कार-टी परवडत असेल किंवा मिळवून देता येत असेल, तर त्याला ट्रान्सप्लांटच्या आशेवर दुसरी, मग तिसरी केमो देत महिने घालवणे चूक आहे. आपल्याकडे हे घडते, अनेकदा चांगल्या हेतूने घडते, आणि ते थांबले पाहिजे.

पण याच चाचणीचा आधार घेऊन जेव्हा कोणी सरसकट ‘ट्रान्सप्लांट संपले’ म्हणतो, तेव्हा तो चाचणीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. वर्षानंतर उलटलेला एकही रुग्ण त्या चाचणीत घेतलाच नव्हता. त्या रुग्णाबद्दल आपल्याकडे काय आहे? आंतरराष्ट्रीय नोंदवहीतला २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात केमोला अर्धवट दाद दिलेल्या रुग्णांची तुलना केली: काहींनी ट्रान्सप्लांट घेतले, काहींनी कार-टी. दोन वर्षांनी ट्रान्सप्लांट गटात जगण्याचे प्रमाण ६९ टक्के, कार-टी गटात ४७ टक्के. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे. दोन गटांत आधीपासूनचे फरक असू शकतात, हे मी विसरत नाही. पण दाद देणाऱ्या आजारात जुना उपचार हरला, असे म्हणायला आधार कुठे आहे, हे तरी विरोधकांनी दाखवावे.

आणि कार-टी ही काही एकच वस्तू नाही. झुमा-७ च्याच काळात, जवळपास त्याच प्रकारच्या रुग्णांवर दुसऱ्या कंपनीच्या कार-टीची बेलिंडा नावाची चाचणी झाली, ३२२ रुग्णांवर. तिच्यात कार-टीला काहीच फायदा दिसला नाही. दोन्ही गटांत तीन महिन्यांतच निम्म्या रुग्णांचा आजार वाढला किंवा उपचार फसला. कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण म्हणजे पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत लागलेला वेळ. विदर्भातून मुंबईला येणाऱ्या, खाट मिळेपर्यंत आणि पैसा जमेपर्यंत थांबणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा वेळ कमी होईल की वाढेल? नेक्सकार-१९ चे निकाल आशादायक आहेत. तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी दाद दिली. पण ती तुलना नव्हती. ती इतर उपचार फसलेल्या रुग्णांवरची चाचणी होती, आणि तिथे ती नक्कीच वरदान आहे. हॉजकिनचा रुग्ण तर या वादात कुणाच्या लक्षातच नसतो. या आजाराच्या मूळ कर्कपेशींवर सीडी-१९ हे चिन्ह सहसा नसते आणि लिम्फोमासाठीची आजची कार-टी नेमकी त्याच चिन्हाचा माग काढते. हॉजकिन अनेकदा विशी-तिशीतल्या मुलामुलींना होतो. ब्रेंटुक्सिमॅब, निव्होलुमॅबसारखी औषधे आल्याने ट्रान्सप्लांटआधी आजार आटोक्यात आणणे सोपे झाले; ट्रान्सप्लांटनंतर ब्रेंटुक्सिमॅब दिल्याने आजार उलटण्याचा काळ लांबतो, हे ३२९ रुग्णांच्या चाचणीत दिसले. नव्या औषधांनी इथे जुन्या उपचाराला हटवलेले नाही, त्याला हात दिला आहे.

जिथे पुरावा उलट गेला आहे तिथे मागे हटायची तयारीही हवी. मँटल सेल या प्रकारच्या लिम्फोमात पहिल्याच टप्प्यावर ट्रान्सप्लांट देण्याची रीत होती. ट्रायँगल या युरोपीय चाचणीने दाखवले की इब्रुटिनिब या गोळीची जोड असेल तर ट्रान्सप्लांटशिवाय निकाल तेवढेच चांगले येतात. तिथे ते सोडावे. डिफ्यूज लार्ज बी-सेल या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात पहिल्याच वेळी सरसकट ट्रान्सप्लांट देण्याचा प्रयत्नही झाला आणि एकूण जगण्यात फायदा दिसला नाही. तोही सोडला गेला.

विरोधकांच्या हाती आणखी एक हत्यार असते: स्तनाच्या कर्करोगाची कहाणी. तिचा उल्लेख टाळणारा लेखक प्रामाणिक नाही. १९९० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगाच्या हजारो स्त्रियांना हाच उपचार दिला गेला. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत निकाल झळाळते होते, कारण धडधाकट, दाद देणाऱ्या रुग्णांचीच निवड होत होती. विमा कंपन्यांनी पैसे नाकारले की लोक कोर्टात जात. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने एका प्रकरणात हेल्थ नेट या कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. त्यानंतर उपचार नाकारण्याची हिंमत कोणाला राहिली? उपचार सहज मिळू लागल्यावर चिठ्ठी टाकणाऱ्या चाचणीत यायला रुग्ण तयार होईनात. चाचण्या रखडल्या. १९९९ मध्ये एकदाचे निकाल आले तेव्हा फायदा नव्हता. फक्त जोहान्सबर्गच्या वर्नर बेझवोडा यांच्या अभ्यासात होता, आणि २००० मध्ये तपासणी झाली तेव्हा ते निकाल खोटे असल्याचे उघड झाले. हजारो स्त्रियांनी निष्कारण यातना भोगल्या, काहींचा त्यातच जीव गेला.

या कहाणीतून ‘हाय-डोस केमो म्हणजे फसवणूक’ असा अर्थ काढणे मला पटत नाही. तोच उपचार लिम्फोमात तपासला गेला तेव्हा टिकला. स्तनाच्या कर्करोगात टिकला नाही. दोन आजार वेगळे, पेशींचा स्वभाव वेगळा. खरे अपयश होते ते निकाल येण्याआधीच लोकांची मागणी, कोर्ट आणि बाजार यांनी मिळून उत्तर ठरवून टाकल्याचे. आज महाराष्ट्रात तसे घडण्याची शक्यता कशाच्या बाबतीत जास्त आहे? चाळीस वर्षे तपासला गेलेल्या ट्रान्सप्लांटच्या, की ज्याच्या नावाने रोज नवी बातमी येते आणि ज्यासाठी लोकवर्गणी गोळा होते त्या उपचाराच्या? कार-टीवर माझा राग नाही. तिला बेझवोडा न मिळो, एवढीच इच्छा आहे.

ट्रान्सप्लांटचा त्रास मी लपवणार नाही. बीईएएम नावाची सहा दिवसांची केमो झाल्यावर तोंडापासून आतड्यापर्यंत चट्टे उठतात, पाणी गिळता येत नाही. पांढऱ्या पेशी शून्याजवळ जातात, ताप येतो, रोज प्लेटलेटची धावपळ असते. आपल्या रुग्णालयांत अनेक अँटिबायोटिकांना न जुमानणारे जंतू आहेत, त्यामुळे इथला धोका परदेशी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतो. अनुभवी केंद्रांत मृत्यूचे प्रमाण शंभरात पाचाहून कमी असते. अननुभवी केंद्रात ते किती, याची जाहीर नोंद नसणे हीच मोठी त्रुटी आहे. अनेकांची मूल होण्याची क्षमता जाते, आणि उपचाराआधी वीर्य किंवा स्त्रीबीज जतन करण्याबद्दल रुग्णाशी बोललेही जात नाही. काहींना काही वर्षांनी रक्ताचा दुसरा कर्करोग होतो. पण कार-टी हा सौम्य उपचार आहे, हा समजही खोटा. तिच्याआधीही केमो द्यावी लागते. नंतर तीव्र ताप, रक्तदाब कोसळणे, भान हरपणे असे परिणाम होतात, आणि आयसीयू हाताशी नसेल तर ते जिवावर बेततात. दोन्ही वाटा खडतर आहेत. निवड करायची ती रुग्णाच्या आजाराकडे बघून.

आता पैशाचा आणि सरकारच्या जबाबदारीचा मुद्दा. इथे मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळे काही म्हणायचे आहे. लोक कार-टी आणि ट्रान्सप्लांट यांना एकाच तिजोरीवर हक्क सांगणारे प्रतिस्पर्धी समजतात. प्रत्यक्ष वॉर्डात जाऊन बघा. पेशी गोळा करणारे अफेरेसिस मशीन तेच. पेशी गोठवून ठेवण्याची व्यवस्था तीच. छातीतल्या सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची, निगा राखणाऱ्या, ताप आल्याबरोबर तासाभरात अँटिबायोटिक सुरू करणाऱ्या परिचारिका त्याच. किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले रक्त देणारी रक्तपेढी तीच. ज्या रुग्णालयाला ऑटोलोगस ट्रान्सप्लांट सुरक्षितपणे करता येत नाही, त्याला कार-टीही करता येणार नाही. १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लांट केले. त्या वॉर्डाने चाळीस वर्षे डॉक्टर आणि परिचारिका घडवल्या. टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात कार-टी उभी राहू शकली ती त्या जमिनीवर. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या सरकारी व्यवस्थेत ही जमीन तयार केल्याशिवाय तिथे कार-टी उगवेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आणि ही जमीन महागडी नाही. बीईएएममधली मेल्फॅलन, सायटाराबिन, इटोपोसाइड ही पेटंटबाहेरची जुनी औषधे. जी-सीएसएफ भारतातच बनते. रितुक्सिमॅबचे पहिले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते दुसऱ्या कंपनीचे औषध, २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने बाजारात आणले. बीईएएममधले कार्मुस्टिन महाग पडते किंवा मिळत नाही, तेव्हा आपल्या केंद्रांनी लोमुस्टिनच्या कॅप्सूल किंवा बेंडामुस्टिन वापरून मार्ग काढला आहे. मोठा खर्च औषधांचा नसून खाटेचा, माणसांचा, संसर्गाशी लढण्याचा असतो, आणि तोच खर्च सरकारने उचलायचा असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आजार उलटल्यावरची केमो, आजार किती उरला ते दाखवणारा पेट स्कॅन, ट्रान्सप्लांट आणि नंतरचे तीन महिने हा सगळा प्रवास त्या मर्यादेत बसवणे कठीण आहे. तुकड्या-तुकड्यांच्या पॅकेजऐवजी पूर्ण प्रवासाचे एक पॅकेज असायला हवे. धर्मादाय रुग्णालयांवर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखण्याचे बंधन आहे; ट्रान्सप्लांटच्या खाटांना ते लागू होते की नाही, हे कुणी तपासते का? प्रत्येक केंद्राने किती ट्रान्सप्लांट केले, शंभर दिवसांत किती रुग्ण गेले, दोन वर्षांनी किती जिवंत आहेत, हे जाहीर करणे योजनेच्या पैशाची अट म्हणून घातले पाहिजे.

यावर एक खरा, मनाला लागणारा आक्षेप येतो: पहिली आर-चॉपच नीट मिळत नाही अशा राज्यात दुसऱ्या टप्प्यावर पैसा का घालायचा? आक्षेप निम्मा बरोबर आहे. मानेत गाठ आली की आपल्याकडे आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात, बहुतेकदा बायॉप्सीशिवाय. नुसत्या सुईच्या तपासणीवर निदान होते, पूर्ण गाठ काढून तपासली जात नाही. दोन-तीन महिने गेल्यावर रुग्ण मुंबईची गाडी पकडतो आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागेसाठी नाव नोंदवतो. मध्येच केमोच्या सायकली चुकतात, कारण पेरणी असते किंवा मजुरी बुडते. हे सुधारणे पहिले काम आहे, यात वाद नाही. उत्तम ट्रान्सप्लांटही चुकलेल्या पहिल्या केमोची भरपाई करू शकत नाही. पण जे पहिली केमो वेळेवर आणि पूर्ण घेऊनही उलटतात, त्यांना काय सांगायचे? आर-चॉपने साधारण दहातले सहा रुग्ण बरे होतात. उरलेल्यांत वर्षानंतर उलटलेले, तरुण, दाद देणारे रुग्ण आहेतच. त्यांच्यासाठी काही लाखांत बरे होण्याची खरी शक्यता असताना, ‘कार-टी स्वस्त होईपर्यंत थांबा’ म्हणणे म्हणजे त्यांना मरणाच्या रांगेत उभे करणे आहे.

जुना उपचार कधीच निवृत्त होऊ नये, असे मी म्हणत नाही. १९५० च्या दशकात क्षयरोग्यांना आरोग्यधामात वर्षभर ठेवणे हाच योग्य उपचार मानला जाई. मिरजेजवळ वानलेसवाडीला असे आरोग्यधाम होतेच. भारतात खाटा नव्हत्या आणि नव्या गोळ्या आल्या होत्या. तेव्हा मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोग केमोथेरपी केंद्र उभे राहिले, त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद होती, मद्रास सरकार होते, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद होती. गरीब वस्तीतल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांना आरोग्यधाम, निम्म्यांना घरीच गोळ्या. १९५९ मध्ये निकाल आला की घरचे उपचार तेवढेच चांगले. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर बंद होऊ लागली. त्या निवृत्तीला कोणी हरकत घेऊ शकत नव्हते, कारण प्रश्न आपल्या देशातला होता, रुग्ण आपले होते आणि उत्तर मोजून काढले होते.

लिम्फोमाबाबत तसा प्रयोग करण्याची ताकद आज महाराष्ट्रात आहे. वर्षानंतर उलटलेल्या, दोन सायकलींत दाद दिलेल्या रुग्णांची ट्रान्सप्लांट आणि स्वदेशी कार-टी अशी समोरासमोर तुलना झाली पाहिजे, सरकारी पैशाने, एकाहून अधिक शहरांत, आणि तिच्यात जगण्याच्या आकड्याबरोबर कुटुंबावर चढलेले कर्जही मोजले पाहिजे. निकाल ट्रान्सप्लांटच्या विरोधात गेला तर ते बंद करायला मी पहिला हात वर करीन. तोपर्यंत अशा रुग्णाला पेट स्कॅन चांगला आल्यापासून चार-सहा आठवड्यांत ट्रान्सप्लांटची तारीख मिळायला हवी. आणि ज्याचा आजार दोन सायकलींना दाद देत नाही, त्याच्या हाती तिसऱ्या केमोऐवजी कार-टी करणाऱ्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी त्याच आठवड्यात पडायला हवी.